पलतडावरचं गाव

तिकीट काढून मी आत गेले. पलतडावर, म्हणजे खाडीच्या पलीकडच्या काठावर, जायला आता तिकीट लागतं. खिडकीतल्या मुलानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून न विचारताच अर्धं तिकीट फाडलं आणि म्हणाला, "साडेपाचला गेट बंद होतं हं आज्जी." पुढं तिवरांच्या रानातून लाकडी फळ्यांची वाट केली आहे. दोन्ही अंगांना कठडे आणि कठड्यांवर जागोजागी पक्ष्यांची, खेकड्यांची चित्रं. खाडीला सुकती लागली होती. पाणी मागं सरून चिखल उघडा पडला होता आणि त्यातून तो वास येत होता. खारट, थोडा कुजकट, आणि श्वास पुरता आत घेतला की शेवटी किंचित गोड. माझे वडील नारळाची सोडणं याच चिखलात कुजत घालत, मग ती कुटून त्यांचं सुंभ वळत. त्यांच्या पंच्याला, बोटांना, त्यांनी आणलेल्या खाऊच्या पुडीलासुद्धा हाच वास असे. नोकरीची सगळी वर्षं बाहेरगावी गेली, पण हा वास मला दुसरीकडे कुठं भेटला नाही.

हिरवी टोपी घातलेली एक मुलगी पर्यटकांच्या घोळक्याला माहिती सांगत होती. "खाडीच्या या बाजूला पूर्वीपासून मनुष्यवस्ती नव्हती. म्हणूनच हे जंगल टिकून राहिलं."

तिचं चुकत नव्हतं. इथं कुणाचं घर कधीच नव्हतं. तरी मला राहवलं नाही. "मी राहिलेय इथं," मी म्हटलं.

मुलगी वळून हसली. "कॅम्पला आला होता का आज्जी?"

"कॅम्पच म्हण. अख्खं गाव आलं होतं. गुरं, कुत्री, कोंबड्या, शाळेचे मास्तर, सगळी."

पर्यटकही हसले आणि पुढं खंड्या बघायला गेले. मी उंडीच्या झाडाखालच्या बाकावर बसले. झाड तेच आहे. बुंध्यावर आता त्याच्या शास्त्रीय नावाची पाटी ठोकली आहे.

समोरच्या काठावर इमारती दिसत होत्या. हॉटेलं, पाण्याच्या काळ्या टाक्या, एका गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. तिथं पाणवस नावाचं गाव होतं. शेजारी शहर होतं, त्याला आम्ही बाजार म्हणत असू. 'बाजारात जाऊन येतंय' म्हटलं की तासाभराचं चालणं असे, मधे शेतं, मळे, एक मोठा फणस. मग बाजारच आमच्याकडे चालत आला. पाणवसाचा वॉर्ड झाला आणि पलतडाचं निसर्ग केंद्र झालं. गावाचं नाव देवळाच्या कमानीवर आहे, आणि आम्हा थोड्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात.

पण मी आज वास घ्यायला किंवा उसासे टाकायला आले नव्हते. आज सकाळीच देवळात कौल लावला होता. कितीतरी वर्षांनी. रवळनाथाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवून गुरवानं माझ्या वतीनं विचारलं होतं, गाव भायर काढूचो काय? आणि उजवीकडची कळी अशी चटकन सुटली, जणू देव वाटच बघत होता. गुरव म्हणजे आमच्या दाजी गुरवाचा नातू. सकाळची पूजा झाली की तो दिवसभर रिक्षा चालवतो. त्यानं कळी उचलून माझ्या हातावर ठेवली आणि चिंतेनं म्हणाला, "काकी, कौल तर झालो. पण गाव खंय आसा आता? भायर कोणाक काढतलास?"

त्याचा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर मला भागूआतेनं केव्हाच देऊन ठेवलं होतं.

गावपळण ही आमच्या बाजूची रीत. तीन-चार वर्षांनी एकदा, भात कापून घरात आलं की मार्गशीर्षात देवाला विचारायचं. देवानं हो म्हटलं की सगळ्या गावानं शीव ओलांडून तीन दिवस तीन रात्री बाहेर राहायचं. माणूस नको, जनावर नको, चुलीत विस्तव नको, दिवा नको. गाव पुरतं रिकामं. का, ते प्रत्येक जण वेगळं सांगे. भागूआते, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, नवऱ्यामागं माहेरी आलेली. माझी आई लहानपणीच गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं. ती म्हणे, "घरांनी काय म्हणान कायम आमका सांभाळूचा? तेंका वायच सुट्टी नको?"

मला हेच कारण अजून सगळ्यात पटतं.

निघायच्या दिवशी दुपारी दाजी गुरव नगाऱ्यावर पहिली टिपरी मारी. मग घराघरांतून एकच आवाज येई. चुलीवर पाणी ओतल्याचा. फस्स. भिजलेल्या राखेचा वास सगळ्या वाडीभर पसरे, आणि बायका पदरानं डोळे पुसत बाहेर येत. धुरानं असेल, नसेलही. दाराला नुसती कडी. कुलूप असलेली घरंच थोडी. गुरांच्या गळ्यातल्या घंटा, पाटीत कोंबलेल्या कोंबड्यांचा कलकलाट, पोत्यात घातलेलं मांजर. एका वर्षी आमची तांबडी कोंबडी रवणीवर बसली होती, अंड्यांवरून उठायला तयार नाही. वडील म्हणाले, राहू दे तिला, कोंबडी म्हणजे काय माणूस आहे? भागूआतेनं पाटीत भाताचा तूस पसरला, अंड्यांसकट कोंबडी उचलून त्यात ठेवली, वर फडकं बांधलं आणि पाटी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं निघाली. "जीव आसा ना तिका? मगे ती गावची."

सुकतीला खाडी अर्धी चालत ओलांडता येई. बैल छातीभर पाण्यातून जात. म्हाताऱ्यांना होडी. पलतडावर आधीच खोपी बांधलेल्या असत, झावळ्यांच्या, त्यांचा हिरवा वास ताजा असे. सगळ्यांच्या शेवटी दाजी गुरव. देऊळ बंद करून तो प्रत्येक पाणंदीतून ओरडत फिरे, "कोण ऱ्हवला काय रे?" पैलाड उभं राहून आम्ही ती हाळी ऐकायचो. ती एकेका वाडीतून फिरत फिरत काठापर्यंत येई. मग दाजी होडीत बसे, आणि गाव रिकामं होई.

आपलं घर असं समोर ठेवून बघायची कुणाला सवय असते? संध्याकाळ व्हायची आणि पाणवसात एकही दिवा लागायचा नाही. रहाट वाजत नाही, कुत्रं भुंकत नाही. मधूनच एखादा नारळ पडल्याचा आवाज पाण्यावरून येई आणि तो कुणाच्या माडाचा यावर बायकांची जुंपे.

"आमचो तो. परड्यातलो, वाकडो."

"तुमचो वाकडो गेल्या साली वठलो. फुकट काय सांगतस?"

आणि आमच्या पाणवसाची एक रीत होती, जी मी शेजारच्या दुसऱ्या कुठल्याच गावात ऐकली नाही. जिनं आपल्या घरची चूल विझवली, तिनं गाव परत भरेपर्यंत दुसरी चूल पेटवायची नाही. म्हणजे तीन दिवस बायकांनी रांधायचंच नाही. पलतडावर एकच मोठी चूल असे, तीन दगडांची, आणि तिच्याभोवती गावचे पुरुष धुरानं खोकत असत. पेज लागे, कुळथाची पिठी मिठानं खारट होई, सुके बांगडे एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं कच्चे. सुंभ वळणारे माझ्या वडिलांचे हात भाकरीला लागले की भाकरीचीसुद्धा दोरी होई. भागूआते पानावर बसून पहिला घास घेई आणि शांतपणे विचारी, "बाबू, पूरो दर्यो ओतलंस काय रे पिठयेत?" बायका पदर तोंडाला लावून हसत. वडील मान खाली घालून वाढत राहत. तसं हसणं घरी ऐकू येत नसे.

या रीतीनंच मला शिकवलं. दुसरं कुणी नाही असं म्हणणार नाही मी, पण पहिली ती.

मी आठेक वर्षांची असेन. शाळा गावात होती, मुलगे जात. मी पाणी भरायची, शेण काढायची, वडिलांना सोडणं कुटू लागायची. त्या वर्षी शाळेत नवे मास्तर आले होते, घाटावरचे, तरुण. नगारा वाजला तेव्हा ते शाळेच्या पायरीवर उभे राहून सगळ्यांना निरोप देत होते, जणू आम्ही जत्रेला निघालोय. कोंबडीची पाटी डोक्यावर घेऊन भागूआते त्यांच्यासमोर थांबली.

"मास्तरांनू, तुमची तयारी खंय आसा?"

"मी येत नाही. मी काही गावचा नाही बाई. सरकारी नोकर."

"रात्री झोपतास खंय?"

"शाळेच्या मागच्या खोलीत."

"ती खोली खंय आसा?"

मास्तर गोंधळले. "इथंच. पाणवसात."

"मगे झाला तर. गावात ऱ्हवता तो गावचो. ट्रंक भरा."

मास्तरांनी ट्रंक भरली. ट्रंकेबरोबर त्यांनी फळाही आणला, आणि या उंडीच्या बुंध्याला टांगला. आता शास्त्रीय नावाची पाटी आहे ना, तिच्याच जरा वर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलांना बोलावलं. मुलगे आले. आम्ही मुलीही आलो, कारण आम्हाला काम नव्हतं. जन्मात पहिल्यांदा सकाळ झाली होती आणि कुणी आम्हाला हाक मारत नव्हतं. पाट्या पुरेनात, तेव्हा मास्तर आम्हाला घेऊन चिखलाच्या काठावर गेले. सुकतीनं चिखल गुळगुळीत केला होता. त्यावर त्यांनी काठीनं अक्षर काढलं आणि म्हणाले, गिरवा. बोट चिखलात बुडायचं, गार लागायचं, खेकडे पळायचे. दुपारी भरती येऊन सगळं पुसून जायची. दुसऱ्या दिवशी चिखल पुन्हा कोरा. तिसऱ्या दिवशी मी माझं नाव लिहिलं, आणि भरती आली तेव्हा ते एकेक अक्षर पाण्याखाली जाताना बघत उभी राहिले. मला वाईट वाटलं नाही. मला ते पुन्हा काढता येत होतं.

त्याच दिवशी तांबडीची पिल्लं बाहेर आली. गाव परत गेलं तेव्हा भागूआतेच्या पाटीत अंड्यांऐवजी चिवचिवाट होता. दाजी गुरव म्हणाला, "जाताना होते, तेच्यापेक्षा येताना चड आसत. गाव वाढलो."

गाव भरल्यावर, नवा विस्तव घरोघर गेल्यावर, मास्तर आमच्या अंगणात आले. वडील सुंभ वळत होते. मास्तर म्हणाले, "मुलीला शाळेत पाठवा. हात चांगला आहे तिचा."

वडिलांनी वळणं थांबवलं नाही. "आनि घरातला कोण बघतला?"

भागूआते आतून बाहेर आली. "तीन दिस चेडवा फळ्याफुडे बसली. कोण उपाशी ऱ्हवलो काय?"

"खारट खाल्लास ना माझ्या हातचा," वडील म्हणाले.

"खाल्लंव. मरूक नाय. तिचा काम मी करतंय. तू आपला सुंभ वळ."

तेवढ्यावर माझं शिक्षण ठरलं. त्या दिवसापासून माझ्या वाटचा पाण्याचा हंडा भागूआतेच्या कमरेवर गेला. ती त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. मी बाजारातल्या हायस्कुलात जाऊ लागले, मग सावंतवाडीला कॉलेजात. तिथं मला कुणी कुठून आलीस विचारलं की मी पाणवसाचं नाव सांगे, आणि ते कुठं आहे हे सांगताना हातानं खाडीचं वळण काढून दाखवी. आमच्या घरात पदवी घेतलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. निकालाची बातमी आली तेव्हा भागूआते घरोघर सांगत सुटली, "आमचा चेडू पलतडार शिकला." कॉलेजचं नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही.

पदवीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. त्या वर्षी पाणवस बाजाराला जोडलं गेलं. रस्त्याला डांबर आलं, विजेचे खांब आले, वाडीच्या तोंडाशी नळ आला, ते सगळं बरंच होतं. बाजाराच्या हद्दीची पाटी उचलून आमच्या शिवेवरच्या फणसाच्या पुढं लावली गेली. बाजारात नोकरीला असणारी बाहेरची कुटुंबं आमच्याकडे भाड्यानं राहू लागली. आणि नेमकी त्याच मार्गशीर्षात गावपळण आली. मी सुट्टीत घरी होते. देवळात सभा बसली, तेव्हा पहिल्यांदा मी पाणवसातल्या माणसांना एकमेकांची नजर चुकवताना पाहिलं.

गावाचे मानकरी आबा गावकर म्हणाले, "वार्ड खंय पळान जातत काय? लोक हसतले."

"हसांदेत," भागूआते म्हणाली. ती खांबाला टेकून बसली होती.

आमच्या वाडीतला बाबल्या बाजारात एका पेढीवर लागला होता. "माका कामार जावचा लागतला. मालकाक काय सांगू, गाव पळालो म्हणान?"

"कामार जा. होडयेन जा, होडयेन ये. पाय मात्र पाणवसात टाकू नको."

"आनि शीव खंय आसा आता? पाटी तर फुडे गेली."

"पाटी गेली. फणस गेलो काय?"

कुणीतरी हसलं. पण आबा हसले नाहीत. "भागू, माझा आयक. आमी सगळे जातलंव. पण ते भाड्यान ऱ्हवतत, तेंचा काय? ते कित्याक येतले? एक दिवो जरी गावात जळत ऱ्हवलो, तर पळण फुकट. त्यापरीस नकोच."

हे खरं होतं. गाव सगळं निघालं तरच निघालं. अर्धं गाव निघालं तर ती नुसती सहल. आणि एकदा नको म्हटलं की मग पुढच्या वेळी विचारणारंही कुणी नसतं. मला ते तेव्हा कळलं की नाही सांगता येत नाही. भागूआतेला कळलं होतं. ती उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि मला म्हणाली, "चल गो. तू शिकलंस ना? माका तेंची भाषा येना नाय."

पहिलं घर एका कारकुनाचं. दार त्याच्या बायकोनं उघडलं. कोल्हापूरकडची, अंगानं भरलेली, कपाळावर घाम. मी सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आम्ही आज इथं, उद्या बदली झाली की दुसरीकडं. आमचा काय संबंध?"

"काय म्हणता ती?" भागूआतेनं विचारलं.

"म्हणते, आम्ही इथले नाही."

"रात्री झोपतास खंय, तां विचार."

असं कुणाला विचारायचं मला लाजल्यासारखं झालं. मी म्हटलं, "नाही म्हणजे, तुमचं सध्याचं वास्तव्य आमच्या गावाच्या सीमेत असल्यामुळे..."

भागूआतेनं माझा दंड धरला. "तसा नको. मी विचारतंय तसा विचार."

मी विचारलं. कारकुनाची बायको आधी दचकली, मग हसायला लागली. "इथंच झोपतो की. या पाणवसात." मग जरा थांबून म्हणाली, "पण तिकडं स्वयंपाक कसा करायचा? चूल नाही, भांडी नाहीत."

एवढं मात्र भागूआतेला माझ्याशिवाय कळलं. "थंय बापये रांदतत," ती म्हणाली.

मी सांगितलं, तिथं पुरुष रांधतात. बायकांनी चुलीला हात लावायचा नाही.

बाई हातातला कालथा घेऊन तशीच उभी राहिली. "तीनही दिवस?"

"तीनही."

"कधी निघायचं?"

ही बातमी आमच्याआधी पुढच्या घरी पोचली. त्या संध्याकाळी आम्ही जिथं जिथं गेलो, तिथं बायका दारातच उभ्या होत्या. एकच माणूस नको म्हणाला. दवाखान्यातला कंपाउंडर, एकटा राहणारा, वाचनाचा नाद असलेला. तो नम्रपणे म्हणाला, "माझा विश्वास नाही या गोष्टींवर. तुम्ही जा, मी कुणाला त्रास देणार नाही." भागूआतेनं त्याला पण तोच प्रश्न विचारला, पण तो नुसता हसला.

नगारा वाजला. चुली विझल्या. गाव निघालं. कारकून उंडीखाली कांदे चिरत रडत होते आणि त्यांची बायको चटईवर पाय पसरून बसली होती. पण दाजी गुरव अजून गावातच होता. त्याची हाळी ऐकू येत होती, फिरून फिरून त्याच पाणंदीत. संध्याकाळ झाली आणि काळ्या पडत चाललेल्या गावात एक दिवा लागला.

आबा गावकरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. भागूआते पाण्याच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली, त्या दिव्याकडे बघत. मी तिच्याजवळ गेले. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती रागावली नव्हती. वाट बघत होती. तांबडीच्या वंशातली कुठली तरी कोंबडी पाटीत कुरकुरत होती. समोरून नारळ पडल्याचा आवाज आला, आणि त्या दिवशी तो कुणाचा म्हणून कुणी भांडलं नाही.

मग दिवा गेला.

थोड्या वेळानं पाण्यावर वल्ह्याचा आवाज. होडीत दाजी गुरव, आणि त्याच्यापुढं मांडीवर औषधांची पेटी घेऊन कंपाउंडर. चिखलात उतरताना त्याचा पाय घसरला, भागूआतेनं हात दिला. तो म्हणाला, "इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला तिथं बसवेना."

"जेवलास?" भागूआतेनं विचारलं. "बाबू, ह्यांका वाढ रे. मीठ सांभाळून घाल."

दाजीनं काठावर उभं राहून गावाकडे तोंड केलं आणि शेवटची हाळी घातली. उत्तर आलं नाही. गाव रिकामं झालं होतं.

ती शेवटची गावपळण. पुढं मी नोकरीला बाहेर गेले, वडील गेले, भागूआते गेली. तिच्यामागं कुणी दारोदार फिरलं नाही. शेतांवर इमारती आल्या, खाडीवर पूल आला, आणि पलतडाला कुंपण पडलं. या मधल्या गोष्टी मला सांगता येत नाहीत, कारण मी तिथं नव्हते. निवृत्त झाल्यावर परत आले ती माझ्याच वडिलांच्या सोडणं कुटायच्या जागेवर उभ्या असलेल्या इमारतीत, भाड्यानं.

बाकावरून उठून मी केंद्राच्या अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले. तरुण गृहस्थ, बोलायला मोकळे. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात आम्हाला इथं यायचं आहे."

"या ना. किती जण?"

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"गाव."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "मॅडम, रात्री राहता येणार नाही. तो नियमच आहे. विस्तव पेटवता येणार नाही. आणि पाळीव जनावरं आत आणता येणार नाहीत."

"कोंबडी?"

"कोंबडीपण नाही."

"गुरवाकडे एक कोंबडी आहे. तिला गावात एकटी ठेवता येत नाही. जीव आहे तिला."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. "पाटीत झाकून आणली तर डबा आहे की कोंबडी, हे गेटवरचा माणूस काही उघडून बघत नाही," ते म्हणाले. "पण साडेपाचला मात्र सगळ्यांनी बाहेर."

तीन दिवसांचा एक दिवस झाला. तो चालेल का, हे उद्या देवालाच विचारीन. विस्तव नको, याला आमच्या बायकांची कधीच हरकत नव्हती. डबे पुरुषांनी करून आणायचे, एवढं ठरवलं की झालं.

बाहेर आले तेव्हा पहारेकरी शिट्टी वाजवत लाकडी वाटेनं चालला होता. शेवटपर्यंत जाऊन, प्रत्येक वळणावर वाकून बघत तो ओरडत होता, "आत कोण राहिलंय का?" आवाज तिवरांतून फिरत फिरत गेटपर्यंत आला. मी उभी राहून तो पुरता ऐकला.

हिरव्या टोपीची मुलगी पुलावर माझ्याबरोबर चालू लागली. सायली तिचं नाव, मूळची कसालची.

"रात्री झोपतेस कुठं गं?" मी विचारलं.

ती चमकली. "ती निळी बिल्डिंग दिसते ना, तिथं. मैत्रिणीबरोबर, भाड्यानं. का हो?"

"म्हणजे पाणवसात. मग तुलाही निघावं लागेल." मी तिला तारीख कळवीन म्हणाले, रीत सांगितली.

"पण आज्जी, मला सुट्टी नाही मिळणार. मी तर दिवसभर इथंच असणार."

"मग झालं तर. तू आधीच पलतडावर आहेस."

तिला हसू आलं. मग ती म्हणाली, "आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी येणार नाही बघा. एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. हसतील तुम्हाला."

"हसांदेत," मी म्हटलं. "चल, दार दाखव."

निळ्या इमारतीच्या तळमजल्यावर, उजव्या हाताच्या पहिल्या दाराशी मी बेल दाबली. आतून कांदा परतल्याचा वास येत होता. दार उघडलं. हातात कालथा, कपाळावर घाम, माझ्या मुलीच्या वयाची बाई. "कोण हवंय?" तिनं विचारलं.

मला कितीतरी नीटनेटकी वाक्यं सुचली. शिकलेलं माणूस, ती सुचायचीच. ती सगळी बाजूला ठेवली आणि विचारायचं तसंच विचारलं.

"बाई, रात्री तुम्ही झोपता कुठं?"